सभेत चहा देणाऱ्या सदस्याला गैरहजर धरल्याबाबत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती कार्यालय,
जि. बुलडाणा.

अर्जदार : कु. मंजुश्री चंद्रशेखर हिवराळे, वय २३, शिक्षण एम.ए. (राज्यशास्त्र) प्रथम वर्ष, सदस्य, प्रभाग क्र. ३, ग्रामपंचायत हिंगणखेड (धाडजवळ).

विषय : सलग सहा महिने मासिक सभांना गैरहजर राहिल्याच्या नोटिशीचा खुलासा, व सदर सहाही महिने मी सभेतच होते याची दखल घेणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची नोटीस, दि. १ सप्टेंबर २०२५.
२) फेब्रुवारीतील तालुकास्तरीय युवा संसद वक्तृत्व स्पर्धा, प्रथम पारितोषिक (आपल्या हस्ते).
३) जून महिन्यातील आपली आमच्या ग्रामपंचायतीस भेट.

महोदय,

सविनय खुलासा सादर करते. विनय शेवटच्या ओळीपर्यंत टिकावा असा माझा प्रयत्न राहील, पण खात्री देत नाही.

१) संदर्भ क्र. १ ची नोटीस मला मिळाली. म्हणजे मला नाही, बाबांना मिळाली. माझे वडील श्री. चंद्रशेखर हिवराळे एसटीत वाहक आहेत. ग्रामपंचायतीचे शिपाई कचरूबाबा यांनी धाडच्या स्टँडवर त्यांना गाठून, गाडीच्या दारातच ती त्यांच्या हातात दिली. घरी मी होते, पण महत्त्वाचा कागद पोरीच्या हातात देत नाहीत अशी आमच्याकडे रीत आहे. निवडून मी आले, पद माझे, जाणार तेही माझेच, आणि पोच म्हणून सही मात्र बाबांची आहे. ही सही आपण ग्राह्य धरली असेल तर त्यावरूनच निम्मा खुलासा व्हायला हरकत नाही.

नोटिशीत लिहिले आहे की, मार्च ते ऑगस्ट या काळातील सर्व मासिक सभांना मी विनापरवानगी गैरहजर होते असे ग्रामपंचायतीच्या अहवालावरून दिसते, सबब माझे सदस्यपद रिक्त का समजू नये. साहेब, मी या काळातल्या एकाही सभेला गैरहजर नव्हते. माझ्या समोर बसून मला गैरहजर लिहिले गेले आहे. हे कसे घडले ते पुढे क्रमाने लिहिते, आणि ते लिहिताना राग येईल, कारण तो अजून गेलेला नाही.

२) प्रथम मी निवडून कशी आले ते. आमच्या प्रभाग तीनची जागा अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव निघाली. उपसरपंच श्री. भालचंद्रराव, ज्यांच्या शब्दावर आमचे गाव चालते, ते स्वतः आमच्या घरी आले आणि बाबांना म्हणाले, "चंद्रशेखर, तुह्या पोरीचं नाव टाकून देऊ. कॉलेजात जाते, सभेले कुठं येते ते! सहीले रजिस्टर आमी घरी पाठवत जाऊ." म्हणजे मी येणार नाही या भरवशावरच मला उभे करण्यात आले. पण माझ्या वॉर्डातल्या पोरापोरींचा हिशेब वेगळा होता. आमच्या समाजमंदिराला लागून एक खोली आहे. पोलीस भरतीची, तलाठ्याची, बँकेची, कसली न् कसली परीक्षा देणारी मुले तिथे अभ्यास करतात. नळ नाही, पंखा एकच आहे आणि तोही आवाज करतो, तरी ती खोली गावातली एकमेव अभ्यासिका आहे. वरच्या आळीतल्या शिक्षकांची गार्गीसुद्धा घरी पाहुण्यांचा गोंधळ असतो म्हणून तिथेच येऊन बसते. या सगळ्यांनी मला सांगितले की, मंजूताई, ही खोली तेवढी टिकव, बाकी काही नको. तेवढ्यासाठी मी उभी राहिले, निवडून आले, आणि भालचंद्ररावांच्या दुर्दैवाने पहिल्याच सभेला हजर झाले.

३) आता चहा. आपणास वाटेल की सदस्यपदाच्या खुलाशात चहा कशाला, पण माझे पद चहामुळेच जात आहे, म्हणून हे नीट वाचावे अशी विनंती.

आमच्या ग्रामपंचायतीत जुना रिवाज आहे की सभेत जो सर्वांत लहान, त्याने चहा आणायचा. कचरूबाबा साठीच्या पुढचे आहेत. म्हाताऱ्या माणसाला पळवणे आमच्या गावात पाप समजतात आणि सदस्याला पळवणे म्हणजे संस्कार. सभा सुरू झाली, सगळे बसले, की भालचंद्रराव माझ्याकडे न बघता म्हणत, "पोरी, जाय बरं, चहा सांगून ये." सांगून भागत नाही. स्टँडवरचा हॉटेलवाला किटली देतो, पोऱ्या देत नाही. तेव्हा मी जायची, उभी राहायची, किटली आणि कागदी कपांची चळत घेऊन परत यायची. तोवर हजेरी झालेली असायची, विषय वाचून झालेले असायचे आणि ठराव मंजूर झालेले असायचे. मग चहा पीत पीत ग्रामसेवक श्री. कुलदीप माझ्यापुढे रजिस्टर सरकवायचे आणि मी सही करायची. सुरुवातीला मला त्यात काही वाटले नाही. लहान आहोत, मोठ्यांचा मान आहे, दिला चहा तर काय झिजते, असे आईने सांगितले आणि मी ऐकले. वर्षभराहून जास्त मी अशी चहा आणत राहिले. त्या सगळ्या काळात मी हजर होते, बरं का. सही होती ना!

४) यंदाच्या फेब्रुवारीत तालुक्याला युवा संसद झाली. विषय चिठ्ठी काढून होते. माझ्या चिठ्ठीत निघाले, "आफ्रिका खंडातील शासन व राजकीय निर्णयप्रक्रियेत युवकांचा सहभाग." मी रात्रंदिवस वाचले. ज्या खंडात निम्मी लोकसंख्या विशीच्या आतली, तिथल्या कित्येक देशांत सत्तर-ऐंशी वर्षांचे आजोबा खुर्ची धरून बसलेले. नायजेरियात पोरांनी मोहीम चालवून निवडणुकीला उभे राहण्याचे वय कमी करून घेतले. केनियात पोरे रस्त्यावर उतरली आणि कराचा कायदा मागे घ्यावा लागला, आणि त्यापायी कितीतरी जणांचे जीवही गेले. माझ्याच वयाच्या पोरी होत्या त्यांच्यात. मी हे सगळे बोलले.

प्रमुख पाहुणे आपण होता. परीक्षकांनी मला प्रश्न विचारला की, आफ्रिकेतील युवकांना निर्णयात स्थान का मिळत नाही? मी म्हटले, "कारण मोठी माणसे त्यांना कामाला लावतात, ठरावाला बसवत नाहीत." सभागृह दणाणून गेले. पहिल्या रांगेत आमचे भालचंद्रराव बसले होते, सगळ्यांत आधी टाळी त्यांनी वाजवली. टाळ्या सगळ्या आफ्रिकेसाठी होत्या. आपण मला ट्रॉफी देताना डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "अशा मुली राजकारणात यायला पाहिजेत." मी तिथेच सांगणार होते की साहेब, आले आहे. पण मागून फोटोग्राफर म्हणाला, ताई, इकडे बघा.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर फ्लेक्स लागला. "हिंगणखेडची शान, आफ्रिकेवर बोलली छान." त्यावर माझा फोटो तळहाताएवढा आणि भालचंद्ररावांचा दरवाजाएवढा. त्या फ्लेक्सखालून किटली घेऊन जाताना मला पहिल्यांदा लाज वाटली. आणि लाज माझी नाही हे कळल्यावर राग आला.

५) मार्च. मी किटली घेऊन परत आले आणि ग्रामसेवकांनी रजिस्टर सरकवले. मी म्हटले, आधी ठराव वाचून दाखवा. कुलदीप साहेबांनी भालचंद्ररावांकडे बघितले, मग वाचले. समाजमंदिरालगतची खोली "तात्पुरत्या धान्य साठवणुकीसाठी" देण्याचे ठरले. धान्य कोणाचे, तर भालचंद्ररावांचे सोयाबीन. सूचक भालचंद्रराव. अनुमोदक, साहेब, कु. मंजुश्री हिवराळे. म्हणजे मी!

मी विचारले की मी अनुमोदन कधी दिले. भालचंद्रराव म्हणाले, "तू चहा आणायले गेलती ना? राजीखुशीनं गेलती. मंग संमतीच झाली ना थे." मी सही करायला नकार दिला. कुलदीप साहेब म्हणाले, "मॅडम, हजेरीची न् ठरावाची सही एकच आहे. ठरावाले सही नाही म्हणजे हजेरी नाही." म्हणून मार्चच्या सभेत मी गैरहजर आहे आणि त्याच सभेतल्या ठरावाची अनुमोदकही आहे. आपल्या कार्यालयात असे सदस्य आणखी असतील तर मला त्यांना भेटायला आवडेल.

पुढच्याच आठवड्यात खोलीतली बाके बाहेर निघाली आणि पोती आत गेली. मुले आता एसटीच्या निवाऱ्यात बसतात. गाडी आली की पुस्तके उचलून प्रवाशांना जागा देतात.

६) एप्रिल. भालचंद्रराव नेहमीप्रमाणे म्हणाले, "जाय बरं पोरी." मी म्हटले, "नाही जात." मग ते म्हणाले, "काऊन वं? हात झिजले का तुहे?" मी म्हटले, हात नाही झिजले, पण मी आधी हजेरी लावीन, विषय ऐकीन, मत देईन, आणि मग सगळ्यांनी मिळून चहाला जाऊ. त्यावर ते उठले. "चहा नाई त सभा नाई." सरपंच पुष्पाबाई या त्यांच्या वहिनी. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितले, एकदा दिराकडे, आणि पदर सावरून उठल्या. सभा तहकूब झाली. सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते हे मी एम.ए.ला शिकले. चहाअभावी तहकूब होते हे हिंगणखेडला शिकले. अहवालात मात्र लिहिले आहे की सभा झाली व सदस्य हिवराळे गैरहजर.

तेव्हापासून गावात माझे नाव "आफ्रिका" पडले. मी पायऱ्या चढताना भालचंद्रराव मोठ्याने म्हणतात, "आली आफ्रिका, सरका रे." लोक हसतात. त्यांना वाटते ती शिवी आहे. मला तसे वाटत नाही. तिथल्या पोरांनी निदान आपल्या सरकारला एक कायदा मागे घ्यायला लावला. आम्हाला सोयाबीनची पोती मागे घ्यायला लावता येत नाहीत.

७) मे. आता माझ्या बाबांना बोलावण्यात आले. ते ड्युटीवरून खाकी गणवेशातच आले. भालचंद्ररावांनी माझी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली आणि म्हणाले, "बस चंद्रशेखर. पोरगी लहान हाये, तिच्या जागी तू बसत जाय. तू आला म्हणजे ते आलीच समज." बायकोच्या जागी नवरा बसतो हे सर्वांना ठाऊक आहे, त्याला गावात कोणी नावही ठेवत नाही. माझे लग्न झालेले नाही, म्हणून बाप.

साहेब, माझे बाबा भिडस्त आहेत. आयुष्यभर त्यांनी फक्त "सुटे द्या" आणि "पुढे सरका" एवढेच मोठ्याने म्हटले आहे. त्या दिवशी त्यांनी खुर्ची माझ्याकडे परत ढकलली आणि म्हणाले, "भाऊ, तिकीट जिच्या नावावर, सीट तिची." आणि ते निघून गेले. मला तिथेच रडू आले आणि मी ते लपवले नाही. बाबा गेले म्हणून अहवालात लिहिले, "सदस्य हिवराळे सभा सोडून गेल्या, सबब गैरहजर." मी त्यानंतर सभा संपेपर्यंत त्या खुर्चीत बसून होते. बाबा बसले असते तर मी हजर, बाबा गेले म्हणून मी गैरहजर. हे कोणत्या पुस्तकात आहे ते मला कळवावे.

८) जून महिन्याचे थोडे बाजूला ठेवते, त्याचे शेवटी लिहिते.

९) जुलै. मी पुन्हा चहाला नकार दिला तेव्हा भालचंद्रराव समजावणीच्या सुरात म्हणाले की यात कमीपणा काही नाही. "आमी बी लहान होतो तवा आमीच चहा वाटला. वाटूनच मोठे झालो."

तेव्हा कलाबाई बोलल्या. कलाबाई आमच्या जुन्या सदस्य, सत्तरीला आल्या आहेत, सभेत त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्या म्हणाल्या, "कवा जी भाऊ? तुमी पहिल्यांदा निवडून आले तवा तुमी लहान होते, मी मोठी होती. चहा त मीच आणत होती. तुमी त बसून पेत होते." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरी, थो रिवाज लहानाचा नाई वं. थो आपला हाये, बायाईचा."

साहेब, मी वर्षभर ज्याला वयाचा मान समजत होते तो मानच नव्हता. उद्या माझ्याहून लहान मुलगा निवडून आला तरी किटली माझ्याच हातात राहिली असती. मी पन्नाशीची झाले असते तरी राहिली असती. एवढे शिकून मला हे समजले नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. त्या सभेला कलाबाईही गैरहजर असल्याची नोंद झाल्याचे समजते. त्या पूर्ण वेळ माझ्या शेजारी बसून गुडघा चोळत होत्या.

ऑगस्टमध्ये मी आले तर माझी खुर्चीच नव्हती. दुरुस्तीला पाठवली म्हणाले. चांगली लोखंडी खुर्ची, तिला काय धाड भरली होती? मी सतरंजीवर बसले. हजेरीच्या वेळी मी "हजर" म्हटले तेव्हा कुलदीप साहेबांनी मान वर न करता सांगितले, "मॅडम, खाली बसलेले लोक श्रोत्यांमध्ये येतात." आणि नंतर बाहेर, कोणी नसताना, हळूच म्हणाले, "मले माफ करा ताई, मले इथंच नोकरी करायची हाये." त्यांच्यावर माझा राग नाही असे लिहावेसे वाटते, पण आहे.

१०) आता जून. या महिन्यातल्या सभेलाही मी गैरहजर होते असे आपल्या नोटिशीत नमूद आहे. नोटिशीखाली आपली सही आहे, म्हणून हे थेट आपल्यालाच विचारते.

जूनच्या सभेला आपण स्वतः आला होतात. आदल्या दिवशी सरपंच पुष्पाबाई आमच्या घरी आल्या. म्हणाल्या, "मंजू, उद्या सायेब येऊन राह्यले. गावाची इज्जत हाये माय. उद्याच्याले तेवढा चहा दे, मंग तुहं तू पाय." मी कबूल झाले. कारण दोन होते. एक तर पुष्पाबाई माझ्या घरी पहिल्यांदा आल्या होत्या. आणि दुसरे म्हणजे मला वाटले, चहा देताना मी आपल्याजवळ पोहोचेन. जवळ पोहोचले की बोलता येईल. ज्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला ते ओळखतील.

मी ट्रे घेऊन आपल्यासमोर उभी राहिले. म्हटले, "साहेब, मी सदस्य आहे." आपण हसून म्हणालात, "अरे वा! कोणाची मुलगी?" मी म्हटले, "साहेब, मी स्वतः सदस्य आहे. मला अभ्यासिकेबद्दल बोलायचे आहे." तेवढ्यात आपण एक घोट घेतला आणि कप खाली ठेवलात. "साखर नको बाळ. शुगर आहे मला." भालचंद्रराव ओरडले, "जाय जाय, सायबाले बिनसाखरेचा घेऊन ये, पळ!"

आणि मी पळाले. एप्रिलपासून न उठलेली मी, आपल्या एका वाक्यावर उठले आणि पळाले. हॉटेलात बिनसाखरेचा मिळत नाही म्हणून घरी गेले. आई प्रेमला हिने स्वतः चहा केला, गवती चहा टाकून, आणि घरातल्या नव्या सेटमधला कप काढला, निळ्या फुलांचा. सेट माझ्या लग्नात वापरायचा म्हणून जपून ठेवलेला आहे. मी तो कप बशीने झाकून परत आले तेव्हा सभा संपली होती. अभ्यासिकेचा विषय निघाला होता आणि "कोणाचीही हरकत नाही" असे आपल्यासमोर सांगण्यात आले होते. हरकत जिची होती ती आपल्यासाठी चहा आणायला गेली होती.

आपण जीपजवळ उभे राहून तो चहा प्यायलात. "वा, असा चहा ऑफिसात मिळत नाही," असेही म्हणालात. कप बॉनेटवर ठेवलात आणि गेलात. फेब्रुवारीत मी साडी नेसून मंचावर होते, जूनमध्ये हातात ट्रे होता. हातात ट्रे असला की चेहरा दिसत नाही, हा माझा अनुभव आहे. पण साहेब, चेहरा नाही तर नाही, चहा तरी आठवत असेल ना? मी गैरहजर होते तर तो चहा आपल्याला कोणी दिला?

११) मी हा खुलासा कलेक्टर साहेबांकडेही देऊ शकले असते. वर्तमानपत्रात देऊ शकले असते. "आफ्रिकेवर बोलणाऱ्या मुलीला गावात खुर्ची नाही" अशी बातमी छापायला कोणीही तयार होईल. पण मी आपल्याकडे लिहिते आहे, कारण या सगळ्या प्रकरणात माझ्या बाजूचा एकच साक्षीदार सरकारी आहे आणि तो म्हणजे आपण. भालचंद्रराव साक्ष देणार नाहीत, कुलदीप साहेबांना नोकरी आहे, कलाबाईंना आता गुडघा आणि गाव दोन्ही सांभाळायचे आहे. आपणच सांगू शकता की जूनमध्ये ती मुलगी सभेत होती. एक महिना हजर ठरले की सलग सहा महिने तुटतात. माझे पद आपल्या एका आठवणीवर अवलंबून आहे.

माझ्या मागण्या फार नाहीत. मला जूनच्या सभेस हजर धरावे. मार्चच्या ठरावातील माझे अनुमोदन खोटे आहे, तो ठराव स्थगित करून खोली मुलांना परत द्यावी, कारण परीक्षा तोंडावर आहेत आणि निवाऱ्यात पाऊस आत येतो. माझी खुर्ची दुरुस्त झाली असल्यास परत पाठवावी. आणि आपल्या स्तरावरून सर्व ग्रामपंचायतींना लेखी कळवावे की सभेत चहा सदस्याने आणणे बंधनकारक नाही, मग तो लहान असो, बाई असो किंवा दोन्ही असो.

आणि हे सगळे शक्य नसेल, तर माझे सदस्यपद खुशाल रिक्त करावे. फक्त रिक्त करण्याचे कारण "गैरहजेरी" असे लिहू नये. खरे कारण लिहावे. म्हणजे पुढल्या वर्षी युवा संसदेत कोणाला तरी चिठ्ठीत आमच्या गावाचा विषय निघेल आणि लोक आमच्यासाठीही टाळ्या वाजवतील.

पुढची मासिक सभा याच महिन्यात आहे. मी जाणार आहे, खुर्ची नसली तर घरचे घमेले उलटे टाकून बसेन. आपण येणार असाल तर कृपया चहा घरून पिऊन यावे.

अजूनपर्यंत तरी आपली नम्र,

(सही)
कु. मंजुश्री चंद्रशेखर हिवराळे
सदस्य, प्रभाग क्र. ३, हिंगणखेड
दि. ८ सप्टेंबर २०२५

सोबत जोडले आहे :
१) नोटिशीची प्रत. पोच बाबांची आहे, खुलासा माझा आहे.
२) युवा संसदेतील छायाचित्र. मधोमध ट्रॉफी धरलेली मी, डोक्यावर हात आपला.
३) कप एक, निळ्या फुलांचा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, जपून उघडावा. आपण जूनमध्ये याच कपातून चहा प्यायलात, ओळख पटावी म्हणून पाठवत आहे. आईच्या सेटमधला असल्याने सुनावणीनंतर परत मिळावा. घ्यायला मी स्वतः कार्यालयात येईन. त्या दिवशी तरी मला हजर धरावे.